सात नंबरची बाटली

"घाई न्हाय, सर. त्याला त्याच्या टाइमाला जाऊ द्या."

हे वाक्य उच्चारताना ते केसापेक्षा जराशी जाड अशी काचनळी दोन बोटांत धरून खिडकीच्या उजेडाकडे नेत, एक डोळा मिटत आणि नखाने तिला हलकेच टिचकी मारीत. नळीच्या तळाशी राईएवढी पांढरी भुकटी बसलेली असे. ती नीट बसली याची खात्री पटली, की दुसरा डोळा उघडे. भिवंडीतल्या ज्या महाविद्यालयात मी तीस वर्षे संस्कृत शिकवले, तिथल्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत ते परिचर होते. विद्यार्थी त्यांना चाचा म्हणत, प्राध्यापकही चाचा म्हणत, आणि पुढे मीही म्हणू लागलो. त्यांचे खरे नाव मला अर्थातच ठाऊक आहे. एका कागदावर ते मी स्वतःच्या हाताने, सुवाच्य अक्षरांत लिहिलेले आहे. तो कागद पाहिल्यानंतर ते नाव इथे लिहिण्याचा अधिकार मला उरला आहे, असे वाटत नाही.

संस्कृतच्या शिक्षकाचे प्रयोगशाळेत काय काम, असे आपण विचाराल. त्या काळात शिक्षकांच्या खोलीत फार कलकल असे, आणि प्रयोगशाळा तिच्या शेजारीच होती. मोकळ्या तासाला मी तिथे खिडकीपाशी पाठ करीत बसे. भिंतीपलीकडच्या गल्लीत लूमचे कारखाने होते, त्यांची खडखड दिवसभर चाले. तिने टेबल थरथरे, टेबलावरची उष्णतामापी थरथरे आणि तिच्यातला पारादेखील थरथरल्यासारखा दिसे. म्हणून महत्त्वाची मापे चाचा शुक्रवारी घेत. शुक्रवारी लूम बंद असत.

"सहा दिस ही मशिना बोलतान," ते म्हणत, "शुक्रवारी पदार्थ बोलतो."

ते करीत असलेल्या कामाला आमच्या पाठ्यपुस्तकात द्रवणांक काढणे म्हणतात. चाचा त्याला मेल्टिंग म्हणत. नळीचे एक टोक ज्योतीत धरून बंद करायचे, दुसऱ्या टोकाने भुकटी आत घ्यायची, मग ती नळी उष्णतामापीच्या फुग्याला चिकटवून दोऱ्याने बांधायची आणि दोन्ही पॅराफिनच्या तेलात सोडून खालून मंद आच द्यायची. भुकटी कोणत्या अंशाला पाण्यासारखी स्वच्छ होते, ते भिंगातून पाहायचे. प्रत्येक शुद्ध पदार्थाचा असा एक ठरलेला अंश असतो, आणि त्यावरून तो ओळखता येतो. दोरा ते घराजवळच्या कारखान्यातून आणीत. मागावरून तुटून पडलेले सूत.

"सुतीच पायजे," असे ते मला एकदा गंभीरपणे म्हणाले. "टेरिकॉटचा बांधला तर पदार्थ ऱ्हाईल बाजूला, दोराच मेल्ट होल."

त्यांचा तो विधी पाहताना मला आपल्या पूजेतली उपकरणे आठवत. हात धुतल्याशिवाय ते काचेला स्पर्श करीत नसत. काम चालू असताना बोलत नसत. एका पदार्थाचा चमचा दुसऱ्याला लागू देत नसत. या बाबतीतले त्यांचे सोवळे माझ्यापेक्षा कडक होते. मी तसे बोलून दाखवले तेव्हा ते हसले. "तुमचा व्होम, माझा बर्नर. फरक येवढाच, माझ्याकडं तूप न्हाय."

एकदा धामणकर नाक्यावरच्या दुकानातून मी कापूर घेऊन आलो होतो. दुकानदाराने तो अस्सल असल्याची ग्वाही देऊन दुप्पट दर घेतला होता. पिशवीतून त्याचा वास आला, तसे चाचांनी हात पुढे केला. "एक तुकडा देता?" कापूर तापला की उडून जातो, म्हणून त्यांनी नळीची दोन्ही टोके बंद केली आणि ती तेलात सोडली. बराच वेळ गेला. पारा दीडशेच्या पुढे सरकला, तसे त्यांनी मला खुणेने बोलावले आणि भिंग माझ्या हाती दिले. "बगा. घाम फुटला."

भुकटीच्या कडा खरोखरच ओल्या दिसत होत्या. ती थोडी आकसली होती, पण वितळत नव्हती.

"खरा पदार्थ आसला तर शेवटपर्यंत कोरडा ऱ्हातो," चाचा म्हणाले, "आन् टाइम झाला की एकदम जातो, एका डिग्रीत. भेसळ आसली की आदीच घाम येतो, मंग रडत रडत जातो. तुमच्या दुकानदारानं तुमच्या देवाला बी फसवला, सर."

मी त्या दिवशी संध्याकाळी आरती केली ती संकोचत. पण दुसऱ्या दिवसापासून आमच्यात एक रीत पडली. कोणत्याही पदार्थाचा क्षण जवळ आला, की ते मान न वळवता हाक मारीत, "या सर, आता जाल." मी पोथी मिटून जाई आणि भिंगातून पाही. पांढरा ठिपका क्षणात पारदर्शक होऊन जाई. ते दृश्य मी किती वेळा पाहिले असेल, याची गणती नाही. मला ते दर वेळी पवित्र वाटे.

आता मूळ गोष्टीकडे यायला हवे. मी ती लांबवीत आहे, हे आपल्या लक्षात आलेच असेल.

दरवर्षी वसंतपंचमीला मी महाविद्यालयात सरस्वतीपूजन करीत असे. ते ग्रंथालयात होई. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर एका वर्षी ग्रंथालयाला रंग देण्याचे काम निघाले, आणि मी चाचांकडे प्रयोगशाळेतले मोठे टेबल मागितले. मी तेव्हा उपप्राचार्य झालो होतो. मागितले म्हणण्यापेक्षा सांगितले म्हणणे अधिक खरे ठरेल.

"करा की," ते म्हणाले. "विद्येची देवी हाय, तिला लॅब बी बगू द्या. फकस्त एक. परीक्षेच्या बाटल्यांना हात नका लावू."

पदवीच्या प्रात्यक्षिक परीक्षा महिन्यावर आल्या होत्या. त्यासाठी लागणारे पदार्थ चाचा दोन आठवडे स्वतः शुद्ध करीत होते. गरम पाण्यात विरघळवायचे, गाळायचे, थंड होऊ द्यायचे, स्फटिक वाळवायचे, पुन्हा तेच. प्रत्येकाचा द्रवणांक तपासून तो वहीत पेन्सिलीने लिहिलेला होता. बाटल्यांवर नावे नव्हती, केवळ क्रमांक होते. कारण विद्यार्थ्यांनी पदार्थ ओळखायचा असतो. त्या दिवशी बाटल्यांची बुचे धुऊन उन्हात ठेवली होती आणि तोंडांवर कागदाचे तुकडे झाकले होते. वार शुक्रवार होता. दुपारच्या नमाजाला जाताना त्यांनी किल्ल्यांचा जुडगा माझ्या हाती दिला. तो ते कोणाला देत नसत.

मी पूजा मांडली. मूर्तीच्या मागे बाटल्यांचे तबक टेबलाच्या कडेला होते. फुले ठेवायला जागा अपुरी पडत होती. एवढेसे तबक कपाटात सरकवायला कितीसा वेळ लागतो, असा विचार करून मी ते उचलले. उपरण्याचे टोक कशात तरी अडकले आणि सात आणि आठ क्रमांकाच्या बाटल्या आडव्या झाल्या.

दोन्ही भुकट्या पांढऱ्या होत्या, दोन्ही चमकदार होत्या. त्या देवीच्या पायाशी, अक्षतांवर आणि फुलांवर सांडल्या होत्या.

इथे माझ्या हातून जे घडले, ते केवळ माझ्यासारख्याच माणसाच्या हातून घडू शकते. दुसऱ्या कोणी ते फडक्याने पुसून टाकले असते आणि चाचा आल्यावर सांगितले असते. पण देवीच्या चरणांशी पडलेली वस्तू झाडून केरात टाकणे माझ्या संस्काराला मान्य नव्हते. प्रसाद सांडला तर आपण तो गोळा करतो, टाकत नाही. मी एक कोरा कागद घेतला, भुकटी हळूहळू त्यावर ओढली, अक्षतांचे दाणे दिसले तेवढे वेचून काढले. डावीकडची भुकटी सातमध्ये आणि उजवीकडची आठमध्ये, असा माझ्या मते विभाग केला आणि कागदाचे तुकडे पुन्हा तोंडांवर झाकले. बाटल्या पूर्वीसारख्याच शुभ्र दिसत होत्या. मला समाधान वाटले. मी हात जोडले.

चाचा परत आले तेव्हा प्रसाद वाटणे चालू होते. त्यांनी दोन्ही हात पुढे करून प्रसाद घेतला, तबकाकडे पाहिले आणि म्हणाले, "सरकवलं?"

"थोडेसे," मी म्हणालो.

ते 'थोडेसे' आजही माझ्या कानात आहे. खोटे बोलण्याचा माझा विचार नव्हता. मुलांसमोर, उपप्राचार्याने, बाटली सांडली असे म्हणण्याची मला लाज वाटली, एवढेच. नंतर सांगू, असे ठरवले. आणि नंतर विसरलो. अगदी विसरलो, असेही म्हणता येणार नाही.

परीक्षेच्या पहिल्या दिवशी सकाळच्या तुकडीतल्या आठ विद्यार्थ्यांना सातव्या बाटलीतला पदार्थ मिळाला. ते होते बेन्झॉइक आम्ल. ते एकशे बावीस अंशांना वितळते. आठही जणांच्या नळ्यांतली भुकटी ऐंशीच्या पुढेच ओलसर होऊ लागली आणि एकशे सातपर्यंत रेंगाळत वितळली. कोणी एक नाव लिहिले, कोणी दुसरे. एक मुलगी रडू लागली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी स्वतः माप घेतले आणि ते भडकले. दुपारी त्या मुलांना दुसरा पदार्थ देऊन पुन्हा परीक्षा घेतली, त्यामुळे मुलांचे नुकसान टळले. पण परीक्षकांनी विद्यापीठाला पाठवायच्या अहवालात शेरा लिहिला. प्राचार्य संतापले. चौकशी करून दोन दिवसांत लेखी अहवाल देण्याचे काम त्यांनी ज्याच्यावर सोपवले, तो मीच.

त्या वर्षी चाचांच्या बढतीचे प्रकरण व्यवस्थापनापुढे होते. एकोणीस वर्षे परिचर म्हणून काढल्यावर त्यांना प्रयोगशाळा साहाय्यक करायचे, असे तोंडी ठरलेही होते. त्यांच्या दृष्टीने तो पगाराचा प्रश्न फारसा नव्हता. साहाय्यकाला पदार्थांच्या नोंदवहीत स्वतःची सही करता येते. ते एकदा मला म्हणाले होते, "मेल्टिंग मी काडतो, सही दुसरा करतो. एक दिस माझी सही व्हावी, सर. मंग बगा."

ते माझ्या खोलीत आले आणि उभे राहिले. मी बसा म्हणालो, तरी उभेच राहिले.

"चाचा, सातव्या बाटलीचे माप तुम्ही घेतले होते?"

"घेतलं व्हतं. एकशे एकवीसला सुरू, एकशे बावीसला खलास." त्यांनी वही पुढे ठेवली. पेन्सिलीचे आकडे स्पष्ट होते.

"मग हे कसे घडले?"

त्यांनी माझ्याकडे पाहिले. भिंगातून पाहताना ते जसे पाहत, न हलता, तसे.

"मला इचारता, सर?"

लूमची खडखड चालू होती. माझ्या कपाळावर घाम आला होता आणि तो पुसण्यासाठी हात उचलण्याचे धैर्य मला होत नव्हते. कारण घामाचा अर्थ त्या खोलीत दोघांनाही माहीत होता. बोलण्याची वेळ हीच होती. एक वाक्य पुरे होते. मी म्हणालो, "एखाद्या वेळी तुमच्याकडून चमच्याची अदलाबदल झाली असेल."

मग त्यांनी वही उचलली, काखेत धरली.

"लिवा," ते म्हणाले. "चाचाचा चमचा चुकला, आसं लिवा."

"मी तसे लिहिणार नाही," असे मी म्हणालो. आणि ते गेल्यावर नेमके तेच लिहिले. 'अनवधानाने' असा शब्द मी वापरला. 'चमचा चुकला'पेक्षा तो सौम्य आहे, असे मी स्वतःला समजावले. शब्द माझा होता, दोषही माझा होता. मी दोन्ही त्यांच्या नावापुढे मांडले. शेवटी, सदर बाटली नष्ट करावी, अशी शिफारसही केली.

स्वतःला देण्यासाठी माझ्याजवळ एक भारदस्त कारण होते. दंगलीनंतर गावातले वातावरण तेव्हा निवळलेले नव्हते. पूजेमुळे परीक्षा बिघडली असे बाहेर गेले, तर त्याचा कोण कसा अर्थ लावील, या चिंतेने आपण मौन पाळले, अशी मी मनाची समजूत घातली. ते कारण खोटे नव्हते. पण मी त्या कारणासाठी गप्प बसलो नव्हतो. तरुण सहकारी हसतील, शास्त्रीसरांनी सोवळ्यात बाटल्या पालथ्या केल्या असे म्हणतील, याचे मला भय होते. माझी कीर्ती फार काटेकोर माणूस म्हणून होती. तिला मी जपले.

चाचांच्या सेवापुस्तकात नोंद झाली. साहाय्यकाच्या जागेवर बाहेरचा एक माणूस आला. त्याला नळीचे टोक बंद करता येत नसे. काच वाकडी होई. चाचांनी आठवडाभर शेजारी उभे राहून त्याला ते शिकवले.

माझ्याशी त्यांचे वागणे बदलले नाही. भेटले की नमस्कार, प्रकृतीची चौकशी, माझ्या मुलीच्या लग्नात पंगतीला हजेरी. बदलली ती एकच गोष्ट. मी पूर्वीप्रमाणे मोकळ्या तासाला खिडकीपाशी जाऊन बसे. ते नळी बांधत, तेलात सोडत, भिंग लावत. क्षण जवळ आल्याचे मला त्यांच्या मानेवरून कळे. मी पोथी अर्धी मिटून थांबे. पण "या सर, आता जाल" ही हाक त्यानंतर मला कधी आली नाही. आपणहून उठून जायला मला कोणी मज्जाव केला नव्हता. मी गेलो नाही.

दरवर्षी वसंतपंचमी येई. ग्रंथालयाचा रंग केव्हाच वाळला होता, तरी चाचा आदल्या दिवशी येऊन विचारीत, "सर, पूजा आमच्याकडंच ना?" मग ते टेबल घासून पुसून ठेवीत, सगळ्या बाटल्या कपाटात बंद करीत आणि किल्ल्यांचा जुडगा माझ्यापुढे टेबलावर ठेवीत. "टेबल खाली केलाय. सगला." पूजा संपेपर्यंत ते दाराशी उभे असत. प्रसाद घेताना क्षणभर माझ्याकडे पाहत, जणू मी काही बोलणार आहे. मी म्हणे, "आणखी एक पेढा घ्या, चाचा." ते घेत.

मी त्यांच्या आधी दोन वर्षे निवृत्त झालो. त्यांच्या निरोपसमारंभाला मला मुद्दाम बोलावले होते. मी अर्धा तास बोललो. निष्ठा, शुचिता, कर्मयोग. शब्द माझ्याकडे पुष्कळ होते. बोलताना मनात ठरवले होते, की शेवटी सर्वांसमोर सांगायचे. शेवटापर्यंत आलो आणि त्यांना शाल पांघरली. टाळ्या झाल्या. खाली उतरताना ते माझ्या हाताला धरून म्हणाले, "पायरी बगून, सर."

त्यानंतर दीड वर्षाने ते गेले. मी प्रवचनांसाठी नाशिकला गेलो होतो. परतल्यावर बातमी कळली, तेव्हा दहा दिवस होऊन गेले होते.

पुढच्या उन्हाळ्यात प्रयोगशाळा नव्या इमारतीत हलवली. रसायनविभागाच्या प्रमुख बाई एके काळी याच प्रयोगशाळेत शिकलेल्या होत्या. त्यांनी घरी निरोप पाठवला, सर, एक वस्तू आपली आहे असे वाटते, येऊन पाहावी. मी गेलो. जुन्या कपाटाच्या सर्वांत मागच्या फळीवर, रिकाम्या बरण्यांआड ती सापडली होती. मेण लावून तोंड बंद केलेली बाटली. जुन्या चिठ्ठीवर सात हा आकडा होता, आणि खाली दुसरी चिठ्ठी, चाचांच्या हातची, पेन्सिलीने लिहिलेली:

'७ आणि ८ एकत्र. ८० ते १०७. पूजेतली आहे. कचऱ्यात टाकू नये.'

मी बाटली उजेडाकडे नेली. शुभ्र भुकटीत, काचेला टेकून, कुंकवाने माखलेला तांदळाचा एक दाणा होता.

मी बाईंना म्हणालो, याचे माप घेता येईल का? त्यांच्याकडे आता विजेवर चालणारे यंत्र आले होते. चिमूटभर भुकटी नळीत भरून त्यांनी ते सुरू केले आणि मला भिंगापाशी बसवले. दहा-अकरा वर्षांनी मी पुन्हा भिंगातून पाहत होतो. ऐंशी ओलांडले आणि भुकटीच्या कडा ओल्या झाल्या.

"घाम आला, सर," बाई सहज म्हणाल्या. हा शब्द त्या कोणाकडून शिकल्या, ते मला ठाऊक होते. मी एकशे सातपर्यंत डोळा काढला नाही.

दुसऱ्याच दिवशी बाटली पिशवीत घेऊन मी कामतघरला चाचांच्या घरी गेलो. चाळीतल्या दोन खोल्या, शेजारी कारखाना, तीच खडखड. त्यांच्या पत्नीने दार उघडले, मला खालपासून वरपर्यंत न्याहाळले आणि म्हणाल्या, "तुमी शास्त्रीसर. बसा."

"आपण मला ओळखता, भाभी?"

"त्यांनी सांगलेलं. खांद्यावर उपरनं, बोलनं पुस्तकावानी."

मी बाटली काढून चटईवर ठेवली आणि सर्व सांगितले. आयुष्यात पहिल्यांदा त्या प्रसंगाविषयी मी साधी वाक्ये बोललो. त्या पदराशी चाळा करीत ऐकत होत्या. त्यांना धक्का बसल्याचे दिसले नाही.

"त्यांना ठाऊक होते तर," मी म्हणालो.

"परीक्षेच्या पहिल्याच दिशी. बाटलीत तांदूल गावला ना. मी बोल्ले, जा, सायबाला दाखवा, तुमचं परमोशन जातंय. तर बोल्ले, तांदूल दाखवला की बात तांदलाची न्हाय ऱ्हात, देवाची व्हते. मंग ह्या गल्लीची व्हते, त्या गल्लीची व्हते. आपल्याला हितंच ऱ्हायाचं हाय."

जे कारण मी ढाल म्हणून वापरले, ते त्यांनी किंमत मोजून पाळले होते.

"त्यांनी माझ्याविषयी कधी काही वाईट..."

"न्हाय. बोलाचे, मानूस खरा हाय, सोताच सांगल. घाई न्हाय." मग जरा कोरड्या आवाजात म्हणाल्या, "दर सालाला तुमची ती पूजा असली ना, ते पेढा घेऊन घरी याचे. मी इचारायची, बोल्ले का सर? ते बोलाचे, न्हाय अजून. चार-पाच सालं इचारलं. मंग मी इचाराची बंद झाले. पेढा पोरांना दिला की झालं."

मी हात जोडले आणि क्षमा मागितली.

"माझ्याकडं कशी मागता?" त्या म्हणाल्या. "देनारा गेला. चाय घ्या, थंड व्हते."

मी चहा घेतला. निघताना बाटली तिथेच ठेवू लागलो, तशी त्यांनी ती उचलून माझ्या पिशवीत परत घातली. "ही न्या. हितं ठेवून काय करू? तुमच्या देवाचं हाय, मला फेकता बी येनार न्हाय."

घरी आल्यावर मी महाविद्यालयाला पत्र लिहिले. पूर्वीचा अहवाल असत्य आहे, दोष माझा आहे, माझे हे निवेदन त्यांच्या सेवापुस्तकाला जोडावे, अशी विनंती केली. पंधरा दिवसांनी नम्र उत्तर आले: संबंधित कर्मचारी दिवंगत झाल्याने त्यांचे प्रकरण बंद करण्यात आले आहे. म्हणून हे इथे लिहिले. ज्यांनी त्यांच्या हाताखाली नळ्या भरल्या आणि 'चाचाचा चमचा चुकला' हे वाक्य हसत हसत पुढच्या तुकड्यांना सांगितले, त्यांच्यापैकी कोणी वाचील, तर त्याने एवढे लक्षात घ्यावे की चमचा चुकला नव्हता.

बाटली माझ्या मेजावर आहे. मलाही ती टाकता आलेली नाही. सकाळचे ऊन तिच्यावर पडले की आतली भुकटी चमकते, आणि नवा माणूस तिला निर्मळच म्हणेल. मी कधी कधी ती उजेडाकडे नेतो, एक डोळा मिटतो आणि नखाने हलकेच टिचकी मारतो. तांदळाचा दाणा जरा हलतो. मग मला त्यांची ती दाराशी उभी असलेली मूर्ती आठवते, हातात प्रसाद, नजर माझ्याकडे. पाव तासाच्या वर त्यांनी कोणत्याही पदार्थाची वाट पाहिलेली मला आठवत नाही. माझी त्यांनी दहा वर्षे पाहिली.